काल रात्रीची साक्ष

उपासनेत साक्षीची वेळ झाली की उभ्या राहणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. “पूर्वी मी फार प्यायचो.” “पूर्वी मी पत्त्यांच्या नादी लागलो होतो.” “पूर्वी माझ्या तोंडातून खर्रा सुटत नव्हता.” मग प्रभू भेटला आणि सगळं सुटलं. मंडळी ‘आमेन’ म्हणते, साक्ष देणारा खाली बसतो. वऱ्हाडातल्या लहानमोठ्या मंडळ्यांत, मांडवातल्या संजीवन सभांत, घरोघरच्या प्रार्थनांत अशा साक्षी ऐकत मी मोठा झालो. त्यांतल्या बऱ्याच खऱ्या होत्या. त्या माणसांची सावरलेली घरं मी पाहिली आहेत. पण “काल रात्री मी…” अशी सुरू झालेली साक्ष मी आजवर एकदाही ऐकलेली नाही.

ती ऐकू येत नाही याचं कारण आपल्या शिकवणीत आहे. ही शिकवण कधी उघड, कधी आडून सांगितली जाते. ज्याचा विश्वास पक्का, त्याला मोह शिवत नाही. मोह झाला तर समजावं, प्रभू अजून आत आलेला नाही. पडला तर समजावं, तो कधी उभाच नव्हता. चांदूर बाजारसारख्या तालुक्याच्या गावी ख्रिस्ती घरं मूठभर, सगळे सगळ्यांना ओळखतात. तिथे या शिकवणीचा एकच परिणाम होतो. माणूस गप्प बसतो. एकदा उपासनेनंतर लिंबाखाली बसलेला एक म्हातारा मला म्हणाला होता, “बाबू, मले त अजूनही रोज वाटते. पन सांगू कोनाले? सांगतलं त म्हनतीन, याचा विश्वासच कच्चा.” त्याचं ते वाक्य मनात धरूनच मी हा प्रतिवाद लिहितो आहे.

आधी दुसऱ्या बाजूच्या पदरात तिचं माप नीट घालू. ही कडक शिकवण दुष्टपणातून आलेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अकोल्यात अलायन्स मिशन आलं आणि वऱ्हाडात पसरलं; अचलपूरच्या बाजूला कोरकूंमध्ये काम करणारं मिशन आलं. दुष्काळाचे दिवस होते, कर्ज होतं, आणि हातात आलेली मजुरी घरी पोचण्याआधी दारूच्या दुकानात जिरत होती. नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसाला गाव एकाच गोष्टीवरून जोखायचं: हा पितो का? बाटली सोडणं हीच त्याच्या नव्या जन्माची उघड खूण होती. त्या कडकपणाने बायकांच्या अंगावरचे वळ कमी केले, पोरं शाळेत घातली. हे ऋण नाकारणारा कृतघ्न ठरेल. माझा वाद त्या खुणेशी नाही. खुणेलाच विश्वास समजण्याच्या चुकीशी आहे.

पहिला मुद्दा शास्त्राचाच. मोह होणं हे कच्च्या विश्वासाचं लक्षण असेल, तर मत्तयाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय फाडून टाकावा लागेल. तिथे येशूचा बाप्तिस्मा नुकताच झाला आहे, आकाशातून वाणी झाली आहे, आणि लगेच आत्माच त्याला रानात नेतो: मोहाला सामोरं जाण्यासाठी. चाळीस दिवसांचा उपास, मग तीन मोह. हे तीन मोह नीट पाहिले तर त्यांत आपण ज्याला व्यसन म्हणतो असं एकही नाही. भुकेल्याने भाकर मागणं वाईट नाही. देवावर भार टाकणं तर पुण्यच. जगातली राज्यं चांगल्या माणसाच्या हाती यावीत, हीही कुणाची इच्छा असू शकते. आणि दुसऱ्या मोहाच्या वेळी मोह घालणारा चक्क स्तोत्रसंहितेतलं वचन पुढे करतो. म्हणजे मोह चांगल्याचं रूप घेऊन येतो, कधी बायबल काखेत मारून येतो. इब्री लोकांस लिहिलेलं पत्र तर सांगतं की आपला प्रमुख याजक सर्व प्रकारे आपल्यासारखाच पारखला गेला, फक्त पापाविना. हे ‘फक्त’ महत्त्वाचं आहे. मोह आणि पाप यांच्यामध्ये एक अंतर आहे, आणि ख्रिस्ती जीवनाची सगळी लढाई त्या अंतरातच होते. मोह म्हणजेच पाप असं शिकवणारा ते अंतर बुजवून टाकतो. मग लढायला जागाच उरत नाही. माणूस मनात विचार आला तेव्हाच हरलेला असतो, आणि हरलेलाच आहे तर मग पाऊल मागे कशाला घ्यायचं?

याकोबाच्या पत्रात हे अंतर पायरीपायरीने मोजलं आहे. वासना ओढते, मग तिला गर्भ राहतो, मग पाप जन्मतं, मग ते वाढून मरण आणतं. ओढ आणि जन्म यांच्यात काळ जातो, हे त्या उपमेतच आहे. त्याच अध्यायात याकोब बजावतो की देव कुणाला मोहात घालत नाही. मूळ ग्रीक शब्दाला ‘पारख’ आणि ‘भुरळ’ हे दोन्ही अर्थ आहेत. आपल्या मराठी बायबलने प्रभूच्या प्रार्थनेतल्या ‘परीक्षेत आणू नको’ या ओळीत ‘परीक्षा’ हा शब्द ठेवला, आणि लहानपणी तो म्हणताना माझ्यासमोर वार्षिक परीक्षाच उभी राहायची. हा गोंधळ एकट्या मराठीचा नाही. देवच मोहात ढकलतो असा भास होतो म्हणून फ्रेंच कॅथलिकांनी 2017 मध्ये या ओळीचा अनुवाद बदलला, इटलीत 2020 पासून नवी शब्दरचना आली. पोप फ्रान्सिस यांनी स्वतः त्या जुन्या अनुवादावर बोट ठेवलं होतं. पण मला वाटतं, आपल्या ‘परीक्षा’ शब्दात एक शहाणपण आहे. परीक्षेला बसणं ही नापास झाल्याची खूण नसते.

मराठीने तर आणखी एक गंमत करून ठेवली आहे. चांदूर बाजारच्या उत्तरेला मेळघाटचे डोंगर दिसतात. तिथे उन्हाळा लागला की पहाटे मोहाची फुलं टपटप गळतात आणि कोरकू बाया टोपल्या घेऊन वेचायला निघतात. झाडाचा मोह आला ‘मधूक’पासून आणि मनाचा मोह आला ‘मुह्’ धातूपासून. दोघांचं नातं काही नाही. पण भाषेने एका नावात बसवलेले हे दोघे मला बरंच शिकवतात. तीच फुलं वाळवून ठेवली तर तंगीच्या दिवसांत पोट भरतं, बियांचं तेल निघतं. तीच सडवून भट्टीवर चढवली तर दारू. फुलात दोष नाही. चौथ्या-पाचव्या शतकातल्या ऑगस्टीनने हेच मांडलं: वाईटाला स्वतःचं असं मूळ नसतं, ते चांगल्याचंच नासणं असतं. दारूड्याला हवी असते ती सोबत आणि दोन घटकांचा विसर. जुगाऱ्याला हवी असते आशा. या भुका देवानेच दिलेल्या आहेत. व्यासपीठावरून भुकेलाच सैतान म्हटलं की माणूस दारूसोबत आशेलाही शिव्या द्यायला शिकतो, आणि मग त्याच्याजवळ दारूच उरते.

आता दुसरा मुद्दा: “एकदा सुटलं की सुटलं.” काहींचं सुटतं, एका रात्रीत सुटतं, मी अशी माणसं पाहिली आहेत आणि त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही. पण अपवादाचा नियम केला की बाकीचे सगळे लबाड ठरतात. लूक तर सांगतो की रानातल्या मोहानंतर सैतान येशूपासून काही काळापुरताच दूर गेला. पौलाने देहातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली, काटा निघाला नाही. रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात तो कबूल करतो की जे करायचं नाही तेच हातून होतं. असा माणूस आपल्या मंडळीत साक्षीला उभा राहिला असता, तर आपण त्याला विश्वासात मागे पडलेला म्हणून खाली बसवलं असतं.

मराठी ख्रिस्ती घरांना यासाठी रोमपर्यंत जायचीही गरज नाही. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा. त्यांच्या तापट स्वभावाने त्या पाण्यात कायमचा जीव सोडला, असं ‘स्मृतिचित्रे’ वाचलेला कुणीही म्हणणार नाही. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याचा राग झाकला नाही, त्याची माया झाकली नाही, आणि स्वतःचं सोवळं किती हट्टाने, किती दिवस मनात मुक्काम ठोकून होतं हेही झाकलं नाही. बाप्तिस्मा घ्यायला त्यांना नवऱ्यानंतर पाच वर्षं लागली. मराठी ख्रिस्ती साहित्यातलं सर्वांत लाडकं पुस्तक म्हणजे सगळी ‘काल रात्री’ची साक्ष आहे. ते आपण कौतुकाने वाचतो आणि रविवारी मात्र ‘पूर्वी मी’ एवढंच ऐकायची तयारी ठेवतो.

या “आज रात्रीच फेकून दे” शिकवणीने जीवही जाऊ शकतो, हे फार थोड्या पाळकांना माहीत असतं. वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली, तर हातपाय थरथरतात, झटके येऊ शकतात, आणि दोन-चार दिवसांत काहींना भिंतीवर किडे चालताना दिसतात, नसलेली माणसं दिसतात. वैद्यकाला हे चांगलं ठाऊक आहे आणि वेळेवर औषध मिळालं तर माणूस वाचतो. पण मंडळीला ते दृश्य दिसतं तेव्हा ती म्हणते, सैतान सोडून जाताना झोंबतो आहे. आणि दवाखान्याऐवजी आणखी एक रात्र हात ठेवून प्रार्थना होते. प्रार्थना जरूर करा. रिक्षात बसून करा. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू केलं, तेव्हापासून मराठी समाजाला हे शिकायला मिळालं आहे की व्यसनी माणूस हा आधी माणूस असतो आणि त्याला उपचार लागतात. हे शिकायला आपण ख्रिस्ती लोक मागे का राहावं?

तिसरा मुद्दा लपवण्याचा, आणि मला तोच सर्वांत मोठा वाटतो. अचलपूरजवळच्या कोठाऱ्याला मिशनचा कुष्ठरोगाचा दवाखाना आहे. या भागातल्या ख्रिस्ती माणसाला कोठारा माहीत नाही असं होत नाही. कुष्ठरोगाची सुरुवात एका चट्ट्याने होते. तो खाजत नाही, दुखत नाही. उलट तिथली संवेदनाच जाते. त्या वेळी आला तर आजच्या बहुविध औषधोपचाराने तो पूर्ण बरा होतो, बोटं वाकत नाहीत, डोळा जात नाही. पण चट्टा दिसला की लोक काय म्हणतील या भीतीने माणूस बाही खाली ओढतो. विकृती येते ती बऱ्याचदा या ओढलेल्या बाहीमुळे. मोहाचंही असंच आहे. पहिल्या दिवसांत तो दुखत नाही. ज्या मंडळीत चट्टा दाखवणाऱ्याला बाहेर काढतात, तिथे सगळ्यांच्या बाह्या मनगटापर्यंत असतात, आणि पाळक समाधानाने म्हणतो की आमच्याकडे कुणाला चट्टा नाही.

शुभवर्तमानातल्या शेवटच्या रात्री दोन शिष्य पडले. यहूदाने पैशासाठी धरून दिलं, पेत्राने शेकोटीपाशी तीनदा ओळख नाकारली. दोघांनाही पश्चात्ताप झाला. मत्तय स्पष्ट लिहितो की यहूदाने पैसेही परत नेऊन टाकले. फरक पुढच्या पावलात आहे. यहूदा याजकांकडे गेला, ते म्हणाले त्याचं तू पाहा, आणि तो एकटा निघून गेला आणि त्याने गळफास घेतला. पेत्र रडला आणि बाकीच्यांत परत आला. त्याच्या नाकारण्याची गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे. पहिल्या मंडळीने आपल्या पुढाऱ्याची लाज झाकली नाही. आज आपण कोणत्या बाजूला बसलो आहोत? “त्याचं तू पाहा” म्हणणाऱ्यांच्या की शेकोटीवरून परतलेल्याला जागा करून देणाऱ्यांच्या?

मोह उघड बोलावा लागतो, हे जुन्या लोकांना माहीत होतं. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियसने मनात येणाऱ्या आठ वाईट विचारांची मांडणी केली. पुढे तिच्यातूनच सात घातक पापांची यादी झाली. आपल्या षड्रिपूंशी ती ताडून पाहावी. काम, क्रोध, लोभ दोन्हीकडे आहेत. पण इव्हाग्रियसकडे खादाडपणा आहे आणि भर दुपारी येणारा तो सुन्न कंटाळाही आहे, ज्यात माणसाला सगळं निरर्थक वाटतं. मे महिन्यातली वऱ्हाडातली दुपार ज्याने रिकाम्या हाताने काढली आहे, त्याला हा रिपू वेगळा समजावून सांगायला नको. या इव्हाग्रियसने एक पुस्तक लिहिलं, ज्याच्या नावाचा अर्थच ‘उलट उत्तर’. मोहाने काय म्हटलं की शास्त्रातलं कोणतं वचन तोंडावर फेकायचं, अशी जवळजवळ पाचशे उत्तरं त्यात आहेत. म्हणजे मोहाशी बोलता येतं, वाद घालता येतो, हे त्याने गृहीत धरलं होतं. आणि त्या वाळवंटात तरुण साधू आपले विचार रोज वडीलधाऱ्या साधूला उघड करायचा. अठराव्या शतकात जॉन वेस्लीने 1738 साली लहान गटांसाठी जे नियम केले, त्यांत दर भेटीला प्रत्येकाला विचारायचं होतं की मधल्या दिवसांत कोणता मोह आला आणि त्यातून तू कसा सुटलास. प्रश्न विचारणाऱ्याने मोह आलाच असणार हे धरून चालावं, अशी ती रचना आहे.

आणि आपल्या मातीत? गाडगेबाबांचं शेंडगाव आपल्याच जिल्ह्यात आहे. वडील दारूपायी गेले, पोरगं मामाकडे वाढलं. पुढे मुलीच्या बारशाला दारू-मटणाची रीत मोडून त्यांनी गोडाचं जेवण घातलं. त्यांच्या कीर्तनाची तऱ्हा अशी की ते लोकांना प्रश्न विचारत आणि लोकांच्याच तोंडून उत्तर काढत. आपली चूक माणसाने स्वतःच्या आवाजात ऐकावी, एवढाच त्यांचा डाव होता. रिद्धपूरही इथून फार दूर नाही. महानुभावांची परंपरा सांगते की जुगारात हरलेला, बायकोने दागिने द्यायला नकार दिलेला हरिपाळदेव घर सोडून रामटेकला निघाला, वाटेत रिद्धपूरला त्याला गोविंदप्रभू भेटले आणि तो चक्रधर झाला. ही परंपरा आपल्या स्वामीचा जुगार पुसत नाही. आपण आपल्या साध्या सभासदाचाही पुसून घेतो.

यावर आक्षेप येईल की तू पाप हलकं करतोस. मी उलट म्हणतो: पाप हलकं केलं आहे ते तुम्ही, दोन-तीन उघड व्यसनांवर ते संपवून. खर्रा खाणारा मागच्या बाकावर, आणि अडल्या शेतकऱ्याला अव्वाच्या सव्वा व्याजाने पैसे देणारा पुढच्या. पिणाऱ्याचा प्रभुभोजनाचा हक्क काढतो, हुंडा मोजून घेणाऱ्याच्या लग्नात आशीर्वाद देतो. क्रोध आणि लोभ कुणी वासावरून ओळखत नाही, म्हणून ते निवांत आहेत. सगळ्यांनाच मोह होतो असं मानलं तर पुढच्या बाकावरच्यालाही उठून बोलावं लागेल. ही शिकवण नकोशी वाटते ती खरं तर यामुळे.

दुसऱ्या टोकाचे म्हणतील, हे सगळे आजार आहेत, पापबिप काही नाही. शरीर दारूला बांधलं जातं हे खरं. पण आजार म्हणून सुटका होत नाही. मधुमेही माणसालाही साखरेच्या डब्याबद्दल रोज ठरवावं लागतं. आणि ठरवणं सोपं जावं, ही गावाची जबाबदारी असते. मोह आज विकला जातो. चांदूर बाजार तालुक्यातल्या बेलोऱ्याचे बच्चू कडू 2023 मध्ये सचिन तेंडुलकर यांच्या मुंबईतल्या घरासमोर आंदोलनाला बसले, कारण तेंडुलकर यांनी केलेली ऑनलाइन खेळाची जाहिरात. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी ‘आडवी बाटली’ला मत दिलं तर दारूचं दुकान बंद होतं. हे सगळं हवं. पण नदीपलीकडे वर्धा जिल्ह्यात 1970 च्या दशकापासून दारूबंदी आहे आणि तिथेही दारू पोचतेच. दुकान बंद झाल्यावरही एका माणसाची एक संध्याकाळ उरते. त्या संध्याकाळी त्याच्यासोबत कोण आहे, हा प्रश्न कायद्याचा नाही, मंडळीचा आहे.

म्हणून माझं मागणं साधं आहे. तीन-चार जणांनी आठवड्यातून एकदा बसावं, पाळकाशिवाय बसलं तरी चालेल. ऐकलेलं बाहेर जाणार नाही अशी शपथ असावी. संत्र्याचा सौदा झाला, हातात नोटा आल्या, की त्या दिवशी त्या नोटा बायकोच्या नाहीतर मित्राच्या हाती द्याव्यात. बाजाराच्या दिवशी दारूच्या दुकानाच्या वळणावरून एकट्याने जाऊ नये. फेरा पडला तरी दुसरी वाट घ्यावी. हे फार शूर दिसत नाही. पण येशूनेही रानात शौर्य दाखवलं नाही. पाठ असलेली वचनं बोलून दाखवली आणि जागेवरून हलला नाही.

आणि एखाद्या रविवारी कुणी उभं राहील, हात थरथरत असतील, आणि म्हणेल, “काल रात्री मी परत गेलतो.” तेव्हा ‘आमेन’ म्हणायचं की नाही यावर वाद घालत बसू नका. उपासना संपल्यावर त्याच्या घरचा रस्ता बाजारातूनच जातो. त्याच्यासोबत चालायला कोण उठतं, ते पाहा.